हिंगोलीची हळद आणि श्रावकाचा चौका

माघ सरत आला, की पूर्णा जंक्शनहून अकोल्याकडे निघालेल्या गाडीच्या खिडकीतून वसमतच्या आसपास एक वास आत येऊ लागतो. मातकट, किंचित कापरासारखा, आणि वाफेबरोबर आल्यामुळे जड. बांधाबांधावर धूर दिसतो, मोकळ्या रानात पिवळ्या-तपकिरी कंदांचे ढीग पडलेले असतात. हळद काढणीला आलेली असते. पुढे चैत्रापर्यंत हिंगोली जिल्ह्यातल्या कितीतरी घरांचा दिवस या एका पिकाभोवती फिरतो.

1 मे 1999 रोजी परभणीतून वेगळा झालेला हा जिल्हा लहानच आहे: हिंगोली, कळमनुरी, वसमत, औंढा नागनाथ आणि सेनगाव हे पाच तालुके. यात्रेकरू येथे येतात ते औंढ्याच्या ज्योतिर्लिंगासाठी, संत नामदेवांच्या नर्सीसाठी, आणि जैन श्रावक येतात ते शिरड शहापूरच्या श्री मल्लिनाथ भगवंतांच्या दर्शनासाठी. व्यापाऱ्यांना मात्र हिंगोली पूर्वीपासून वेगळ्या कारणाने ठाऊक आहे. निजामाच्या राजवटीत येथे हैदराबाद कंटिन्जंटची छावणी होती आणि कापसाची मोठी पेठ होती. कापसाचे ते दिवस मागे पडले. आज हिंगोलीच्या संत नामदेव मार्केट यार्डात आणि वसमतच्या बाजारात हळदीच्या गाड्यांची रांग लागते. वसमतच्या हळदीला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. वर्ध्याची वायगाव हळद आणि सांगलीची हळद यांना तो मान आधीच मिळाला होता.

हळद हे धीराचे पीक. वैशाख-ज्येष्ठात बेणे लावायचे आणि आठ-नऊ महिने वाट पाहायची. पाने पिवळी पडून वाळली की पाला जमिनीलगत कापतात, काही दिवस जमीन तशीच ठेवतात आणि मग कंद उकरतात. बायका त्यांची निवड करतात: मधला जाड जेठा गड्डा वेगळा, त्याला फुटलेली बोटांसारखी हळकुंडे वेगळी. पुढच्या वर्षाच्या बेण्याचे गड्डे सावलीत पाल्याखाली झाकून ठेवतात. उरलेला माल शक्य तितक्या लवकर शिजवावा लागतो, कारण ओला कंद पडून राहिला तर त्याची प्रत उतरते. जुन्या पद्धतीत मोठ्या काहिलीत कंद बुडतील इतके पाणी घालून, वर पाला आणि गोणपाट टाकून पाऊण ते एक तास उकळत. फेस आला, विशिष्ट वास सुटला आणि बारीक काडी कंदात सहज शिरली, की हळद शिजली. आता गावोगावी वाफेवर चालणारे कुकर फिरतात आणि काम पुष्कळ लवकर आटोपते. नंतर दहा-पंधरा दिवस कडक ऊन. रात्री ढीग करून झाकायचे, सकाळी पुन्हा पसरायचे. शेवटी फिरत्या पिंपात घासून वरची खरबरीत साल काढली, की बाजारात दिसते ते चकचकीत हळकुंड तयार होते. शेतातून निघालेल्या ओल्या मालाचा साधारण पाचवा हिस्सा एवढाच उरतो. बाकीचे सगळे पाणी.

हे पाणीच या लेखाचा विषय आहे.

काढणीच्या दिवसांत मराठवाड्यातल्या शेतकऱ्यांच्या घरी ओल्या हळदीचे लोणचे घालतात. कंद खरवडून किसायचा किंवा बारीक चिरायचा, त्यात लिंबाचा रस, मीठ, मिरची आणि बहुधा आले. केशरी रंगाचे हे लोणचे भाकरीबरोबर खातात, आणि पाहुण्याला, ओळखीच्या आडत्याला त्याची बरणी भेट म्हणूनही जाते. आडत्या जैन असेल तर ती बरणी त्याच्या ओसरीपर्यंत येते आणि स्वयंपाकघरात जात नाही. देणाऱ्याला पहिल्या वर्षी याचे वाईट वाटते. दादा, हळदीवर तर तुमचे दुकान चालते, मग हळदच कशी चालत नाही, असे तो विचारतो. प्रश्न बिनतोड आहे. बरणी शेजारी किंवा दुकानातल्या हमालांना दिली जाते. पुढच्या वर्षी तोच शेतकरी लोणच्याऐवजी निवडक वाळलेल्या हळकुंडांची पिशवी घेऊन येतो, आणि तिचे स्वागत मात्र थेट देवघराशेजारच्या कोठीत होते.

कारण श्रावकाचारात आहे. जमिनीखालचा कंद ही साधारण वनस्पती. एका शरीराच्या आश्रयाने अनंत जीव. श्वेतांबर परंपरेतल्या बत्तीस अनंतकायांच्या यादीत ओली हळद आणि ओले आले आहे. दिगंबर घरांत जो ग्रंथ आवर्जून वाचला जातो, त्या आचार्य समंतभद्रांच्या रत्नकरंड श्रावकाचारात मुळा, ओले आले, लोणी, कडुलिंबाची फुले यांचा त्याग सांगितला आहे. कारण व्यापाऱ्याला चटकन कळावे असे आहे: लाभ थोडा, घात फार. तेथे आल्याला लावलेले ‘ओले’ हे विशेषण लक्षात घेण्यासारखे आहे. सुंठ आणि वाळलेली हळद दोन्ही परंपरांनी स्वीकारली ती याच भेदावर. लोणच्याला तर दुहेरी अडचण. काटेकोर मर्यादा पाळणाऱ्या दिगंबर घरात चोवीस तासांपलीकडचे लोणचे चालतच नाही. भूमध्य समुद्राकाठच्या घरांत ऑलिव्हची ताजी फळे कडू म्हणून आठवडेच्या आठवडे मिठाच्या पाण्यात मुरवतात. ते फळ झाडावरचे असूनही या मर्यादेच्या घरात थांबून राहिले असते.

पाठशाळेतली मुले पुढचा प्रश्न हमखास विचारतात. वाळलेली हळद चालते, मग वाळवलेले बटाट्याचे वेफर्स का नाही? पुष्कळ घरांत याला ‘नाही म्हणजे नाही’ एवढेच उत्तर मिळते, आणि ते पुरेसे नाही. जाणते श्रावक दोन गोष्टी सांगतात. हळद आणि आले न सडता वाळतात आणि वाळलेल्या रूपातच त्यांचा खरा उपयोग आहे. बटाटा तसाच ठेवला तर कोंब धरतो किंवा सडतो, त्याला वाळवावे लागते ते जिभेसाठी. दुसरे म्हणजे प्रमाण. हळद चिमूटभर, औषधासारखी जाते. बटाटा ताटभर जातो. या उत्तराने वादविवाद संपतो असे नाही. काही व्रती सुकी हळदही सोडतात. पण नियम आंधळा नाही, त्यामागे मोजमाप आहे, इतके मुलाला उमगते.

गंमत अशी की बाजार नेमके तेच मोजमाप वापरतो. यार्डात बीट सुरू होण्याआधी व्यापारी ढिगातले हळकुंड उचलून मोडतो. खणकन आवाज झाला तर माल वाळलेला. वाकला, चिवट निघाला तर ओल आहे, आणि भाव तिथेच उतरतो. आतला रंग, गाभ्याचा कठीणपणा, दहा टक्क्यांच्या आसपास ओलावा: दुकानाची परीक्षा आणि चौक्याची परीक्षा एकाच मोडीवर होतात.

घरची हळद तयार करण्याचे काम म्हणून दुकानापेक्षा अधिक काळजीचे. वर्षाची बेगमी अख्ख्या हळकुंडांचीच केली जाते, पूड भरून ठेवत नाहीत. दळलेल्या मसाल्याला पिठाचीच मर्यादा: थंडीत सात दिवस, उन्हाळ्यात पाच, पावसाळ्यात तीन. मुनिश्रींच्या आहाराचा चौका लागतो तेव्हा तर हा हिशेब तिथीसारखा पाळला जातो. आणलेली हळकुंडे आधी उजेडात एकेक पाहायची, मोडून गाभा तपासायचा, भुंग्याने पाडलेले बारीक छिद्र दिसले तर ते हळकुंड बाजूला. मग पुन्हा दोन-तीन उन्हे. कोरड्या, घट्ट झाकणाच्या डब्यात भरायचे आणि लागेल तेवढे खलबत्त्यात कुटून वस्त्रगाळ करायचे. कुटायला वेळ लागतो, कारण चांगले हळकुंड दगडासारखे असते. गिरणीतल्या पुडीपेक्षा हिचा वास तीव्र, म्हणून निम्मी पुरते. कांदा, लसूण, आले, बटाटा नसलेल्या स्वयंपाकात वरणाचा, कढीचा, कैरीच्या आमटीचा सगळा भार हिंग, जिरे आणि या चिमटीवर असतो. खोकला झाला तर हळदीचे दूध मिळते, पण सूर्यास्ताच्या आत.

दुकानाची बाजू इतकी सोपी नाही, आणि हे झाकण्यात अर्थ नाही. साठवलेल्या हळदीला बारीक भुंगा लागतो. वखारीत धुरी दिली तर जीव जातात, न दिली तर जीव वाढतात आणि मालही जातो. कृत, कारित, अनुमोदना हे तीन शब्द ठाऊक असलेल्या माणसाला हा प्रश्न गल्ल्यावर बसून टाळता येत नाही. काही पेढ्या त्यातल्या त्यात उपाय करतात: पूर्ण वाळलेलाच माल घ्यायचा, पावसाळ्यापूर्वी साठा हलका करायचा, भावाच्या आशेने वर्षानुवर्षे पोती दाबून ठेवायची नाहीत. त्यात तेजीतला नफा कधी हातचा जातो. रंगाची गोष्ट याहून स्पष्ट आहे. फिकट माल उठावदार दिसावा म्हणून पॉलिश करताना लेड क्रोमेटसारखा विषारी पिवळा रंग चढवण्याचा प्रकार भारतीय उपखंडात अनेक ठिकाणी उघडकीस आला आहे. तत्त्वार्थसूत्रात अचौर्याच्या अतिचारांमध्ये खोटे वजनमाप आणि प्रतिरूपक व्यवहार, म्हणजे खऱ्याच्या नावावर बनावट माल खपवणे, शेजारीशेजारी आले आहेत. तराजू अचूक ठेवणाऱ्याने पॉलिशच्या पिंपाकडेही तितकेच पाहायला हवे.

हंगामात शिरड शहापूरला जाणाऱ्या श्रावकाला वसमतहून औंढ्याच्या रस्त्याने जाताना शेतांतल्या पिवळ्या राशी दिसतातच. दर्शन आटोपून परतताना पुष्कळजण एखाद्या ओळखीच्या शेतावर थांबतात, घरापुरती चार-पाच किलो हळकुंडे निवडून घेतात, त्यातले एक मोडून कानाशी धरतात. शेतकरी हसतो आणि पिशवी बांधून देतो.