शंभर वॉट

गाणं ऐकायला काय काय लागतं असं विचारलं, तर साधा माणूस सांगेल की एक गाणारा लागतो आणि एक ऐकणारा. आमच्या दादाला विचाराल तर तो म्हणेल, मध्ये एक चांगला पॉवर अ‍ॅम्प्लिफायर लागतो; बाकीच्या दोघांची सोय मग आपोआप होते.

दादा निवृत्त झाल्यावर पुण्याची जागा मुलाच्या हवाली करून तो आणि वहिनी मार्गासनीच्या जुन्या घरी राहायला गेले. नसरापूर फाट्यावरून वेल्ह्याच्या रस्त्याला लागलं की हे गाव येतं. राजगडाला जाणारी मंडळी इथूनच साखर गावावरून गुंजवण्याकडे वळतात. ती पाठीवर ओझी घेऊन गड चढतात. दादा ओझी घरात आणून ठेवतो, एवढाच फरक. सामान हलवताना टेम्पोत भांड्यांच्या आधी रेकॉर्ड प्लेअर चढला, मग वहिनींच्या खांद्याला लागतील असे दोन स्पीकर, आणि मग दादाच्या मांडीवर, लहान मुलासारखा, १९८१ साली तपकीर गल्लीतल्या एका कारागिराकडून बनवून घेतलेला पंचवीस वॉटचा अ‍ॅम्प्लिफायर. त्यात टू-एन-तीस-पंचावन्न नावाचे ट्रान्झिस्टर आहेत. त्या काळी घरगुती अ‍ॅम्प्लिफायरांतून हेच गडी राबत. तापायचे, पण कुरकुरायचे नाहीत.

गेल्या पावसाळ्यात दादाचा फोन आला. "अरे, अ‍ॅम्प्लिफायर दमला. भीमसेन ऐकू येतात, पण तंबोऱ्यांची जवारी येत नाही. तबल्याची किनार बोथट झालीय. आता शंभर वॉटचा बघ."

फोन मग वहिनींनी घेतला आणि परसात नेला. "भाऊजी, कुकरच्या शिट्ट्या यांना ऐकू येत नाहीत. एसटीचं इंजिन मात्र लांबूनही ऐकू येतं. काल म्हटलं, साखर संपली. तर विचारतात, साखरला कोण चाललंय?"

आता यात न कळण्यासारखं काही नव्हतं. वय झालं की कान आधी वरचे, बारीक सूर सोडतो आणि खर्ज शेवटपर्यंत धरून ठेवतो. स, फ, त ही अक्षरं वरच्याच मजल्यावर राहतात. म्हणून म्हाताऱ्या माणसाला आवाज ऐकू येतो आणि शब्द कळत नाही. जवारीचंही तेच. तंबोऱ्याच्या तारेखाली घोडीवर सुताचा दोरा नेमक्या जागी सरकवला की मूळ सुरावर जी बारीक सुरांची झालर उमलते, ती जवारी. झालर जायची ती आधी जाते. यात अ‍ॅम्प्लिफायर बिचारा काय करणार?

पण हे दादाला सांगायचं कुणी? दहाबारा वर्षांचा असताना मला सवाई गंधर्व महोत्सवाला घेऊन जाणारा हाच. रात्र सरता सरता मी पेंगायला लागलो की हा माझा कान धरून म्हणायचा, "जागा राहा, पहाटे भीमसेन आहेत." ज्यानं कान धरून मला गाण्यात बसवलं, त्याला मी कुठल्या तोंडानं सांगू की दादा, तुझा कान गेला?

म्हणून मी गणिताच्या आडून गेलो. म्हटलं, पंचवीसचे शंभर वॉट म्हणजे शक्ती चौपट, पण वाढ सहा डेसिबलची. आवाज दुप्पट वाटायला वॉट दसपट लागतात. घरात आपण ऐकतो ते बहुतेक वेळ एका वॉटच्या आतच. केसरबाई केरकरांची भैरवी घेऊन १९७७ साली जी व्हॉयेजर यानं निघाली, त्यांचा प्रक्षेपक जेमतेम तेवीस वॉटचा. तेवढ्यावर ती अब्जावधी किलोमीटरांवरून पृथ्वीशी बोलली. आणि तुला माजघरातून ओटीवर यायला शंभर?

"ते यान रिकाम्या जागेतून जातं," दादा म्हणाला. "इथं मध्ये तुझ्या वहिनीचं स्वयंपाकघर आहे."

शिवाय त्यानं हेही ऐकवलं की तबल्याची थाप पडते त्या क्षणापुरती एका वॉटच्या जागी वीस-पंचवीस वॉटची मागणी येते, आणि ती पुरवता आली नाही की आवाजाचा शेंडा कापला जातो. हे खरं आहे. खोट्या माणसाशी वाद घालता येतो. निम्म्या खऱ्या माणसाशी फार अवघड.

शेवटी शंभर वॉटचा घेतला. वजन चौदा किलो, त्यातलं बरंचसं ट्रान्सफॉर्मरचं. स्वारगेटला वेल्ह्याच्या एसटीत तो मांडीवर घेऊन बसलो. कंडक्टरनं वाकून पाहिलं.

"डीजेचा काय?"

"नाही. भीमसेन जोशी."

"मग एवढं जड कशाला?"

संध्याकाळी जोडला. मालकंस लावला. पहिल्या समेला फडताळातल्या कपबश्या हलल्या आणि कुणाकडे कार्यक्रम आहे म्हणून शेजारचे दोघे अंगणात येऊन उभे राहिले. दादा डोळे मिटून बसला होता. बाजू संपली तरी डोळे मिटलेलेच. मग हळूच म्हणाला, "दम आहे. जवारी नाही."

मी काही बोललो नाही. दादाच्या तोंडावरून मला असं वाटलं, की त्याला माझ्याआधीच कळलं असावं. शंभर वॉट ही त्याची शेवटची अपिलाची तारीख होती.

वहिनी चहा घेऊन आल्या. "अहो, पुण्याला म्हणे याहून लहान अ‍ॅम्प्लिफायर मिळतो. नुसती जवारीच मोठी करतो."

दादानं डोळे उघडले. "कुठं बसवायचा?"

वहिनींनी माझ्याकडे पाहिलं. मी सांगितलं, कानात. त्यातही माइक, अ‍ॅम्प्लिफायर आणि स्पीकर असतोच. फक्त हा सगळेच सूर मोठे करीत बसत नाही; आधी कान तपासून आलेख काढतात आणि जो सूर कमी पडतो तेवढाच वाढवतात. मुळात बोलणं कळावं म्हणून केलेला असतो, गाण्यासाठी वेगळी जुळणी करून घ्यावी लागते.

"विजेचं काय?"

"एक पूर्णांक चार व्होल्टचा सेल. बटणाएवढा."

"किती वॉट?"

"वॉट नाही दादा. एखाददुसरा मिलिवॉट."

दादानं शंभर वॉटच्या पेटीवरून हात फिरवला. ती छान तापली होती. मग चहाचा एक घोट घेऊन, वहिनींकडे न बघता म्हणाला, "एक नको. घ्यायचे तर दोन घ्या. मोनो मी १९८१ सालीच सोडला."