भंडाऱ्याच्या डोंगरावर

देहूस जाणारे बहुतेक यात्रेकरू इंद्रायणीचें दर्शन घेऊन परततात. आम्ही मात्र तेथून पुढें भंडाऱ्याचा डोंगर चढून गेलों. आतां वरपर्यंत गाडीरस्ता झाला आहे, तथापि पायवाटेनें जाणेंच आम्हांस उचित वाटलें. खालीं चाकण-तळेगांवकडे कारखान्यांची वस्ती पसरली आहे; वर मात्र वारा आणि खडक. येथें प्राचीन बौद्ध भिक्षूंचीं कोरीव लेणीं आहेत. म्हणजे तुकोबाराय चिंतनास येऊं लागले, त्यापूर्वीं कित्येक शतकें या डोंगरानें एकांतसेवी माणसांस आश्रय दिला होता.

इ. स. १६३० च्या सुमारच्या घोर दुष्काळांत तुकोबांची प्रथम पत्नी अन्नावांचून गेली, व्यापार बुडाला. पुढें ते डोंगरांचा आश्रय करूं लागले. हें संसारांतून पळणें होतें काय? याचें उत्तर भामचंद्राच्या डोंगरावरील कथेंत मिळतें. परंपरा अशी कीं, तेथें ते पंधरा दिवस बसले असतां धाकटे बंधु कान्होबा त्यांस शोधीत आले. तेव्हां तुकोबांनीं घरचीं कर्जखतें आणविलीं, निम्मीं भावाच्या हातीं दिलीं आणि आपल्या वाट्याचीं इंद्रायणींत सोडलीं. स्वतःचें होतें तें त्यांनीं सोडलें. भावाच्या हिश्शास धक्का लाविला नाहीं. इतका स्वच्छ निर्णय ज्या एकांतांतून निघाला, त्यास पळ कसें म्हणावें?

उतरतांना मात्र दुसरीच एक गोष्ट मनास बोचूं लागली. याच चढणीनें जिजाई भाकरी घेऊन येत आणि एकदां त्यांच्या पायांत कांटा मोडला, असें सांगतात. तुकोबांच्या एकांतामागें त्यांचे श्रम होते. त्यांच्या स्वतःच्या एकांताची विचारपूस मात्र कथेंत कोठें येत नाहीं. आपल्या घरींहि वडील मंडळी पूजेस बसलीं म्हणजे मुलांस गप्प केलें जातें; पण स्वयंपाकघरांतील माणसास घटकाभर कोणी हांक मारूं नये, अशी व्यवस्था किती कुटुंबांत असते?

डोंगर प्रत्येकाच्या दारीं नसतो. परंतु देवघराचा कोपरा किंवा गच्ची तरी बहुतेकांस असतेच. वाचकहो, तेथें घरांतील प्रत्येकास, सुनेसहि, आळीपाळीनें निवांत घटका मिळावी, आणि तेवढा वेळ तिचें काम दुसऱ्यानें आपण होऊन अंगावर घ्यावें. चार माणसांच्या घरांत हें अवघड नाहीं. उलट, एकत्र कुटुंबासच तें अधिक सोपें आहे.