काट्याची साक्ष

मनुष्याने श्रम करावे आणि त्यांचे फळ त्याला मिळू नये, हे दुःख शेतकऱ्याला ठाऊक आहे. आमच्या मावळात भात कापणीला आलेला असताना अवकाळी पाऊस कोसळून उभे पीक आडवे झालेले ज्याने पाहिले आहे, त्याला ते निराळे समजावून सांगावे लागत नाही. परंतु श्रम करावे, ते नेमाने आणि निष्ठेने करावे, आणि ज्या दिशेने जाण्यासाठी ते केले तिच्या नेमक्या विरुद्ध दिशेला आपण जाऊन पोहोचलो असे दिसावे, हे दुःख जातीनेच वेगळे आहे. कारण पहिल्यात दैवाला बोल लावता येतो, दुसऱ्यात मनुष्य स्वतःच्याच सचोटीविषयी साशंक होऊ लागतो. आहार नियंत्रित करून आणि व्यायामात खंड न पाडता ज्याचे वजन घटण्याऐवजी वाढले, त्याची अवस्था या दुसऱ्या प्रकारची असते.

लोणावळ्यास राहणाऱ्याला व्यायाम टाळण्यासाठी एक पावसाची सबब तेवढी मिळते, आणि वर्षाकाठी सरासरीने चार हजार मिलिमीटरांच्या आसपास पडणारा तो पाऊस सोडला तर येथील हवा, येथील चढ-उतार आणि येथील निवांत पहाटा ही सारी मनुष्याला घराबाहेर काढण्यासाठीच निर्माण झाली असावीत असे वाटते. वळवणच्या तलावाकडे पहाटे फिरावयास जाणे, अधूनमधून भाज्याहून लोहगड चढणे, सायंकाळी सूर्यनमस्कार आणि काही आसने, असा माझा क्रम बसला होता. इंद्रायणी तांदळाचा भात, जो वडगाव मावळच्या संशोधन केंद्राने १९८७ साली या तालुक्याला दिला आणि ज्याचा सुवास शिजताना शेजारच्या घरापर्यंत जातो, तोही मी अर्ध्यावर आणला होता, आणि हा त्याग मावळात राहणाऱ्याच्या दृष्टीने लहान नव्हे. इतके करून थोड्याच काळाने काट्यावर उभा राहिलो तेव्हा वजन दोनएक किलोंनी वाढलेले दिसले. काटा बदलला, वेळ बदलली, परंतु साक्ष बदलली नाही.

अशा प्रसंगी भोवतालची माणसे जे बोलतात त्यात दुष्टावा नसतो, तरीही ते लागते. 'काहीतरी पोटात जात असणारच,' हे वाक्य सहज उच्चारले जाते, आणि ते ऐकणाऱ्याला आपण आरोपीच्या पिंजऱ्यात उभे आहोत याची जाणीव होते. या संशयाला आधार मुळीच नाही असे मात्र मला म्हणता येणार नाही. १९९२ साली न्यूयॉर्कमधील संशोधकांनी, कितीही कमी खाल्ले तरी आपले वजन उतरत नाही असे मनापासून मानणाऱ्या दहा जणांची बारकाईने तपासणी केली, तेव्हा त्यांच्या शरीराचा ऊर्जाव्यय सर्वसाधारणच निघाला; मात्र ती माणसे आपला आहार सरासरीने ४७ टक्के कमी आणि आपले श्रम ५१ टक्के अधिक सांगत होती. ती खोटे बोलत होती असे मी मानीत नाही. अन्नाचे परिमाण डोळ्यांना कळत नाही, एवढेच त्यातून सिद्ध होते. आपल्याकडे एकादशीच्या दिवशी उपवास म्हणून जी साबुदाण्याची खिचडी खाल्ली जाते तिचाच विचार करावा: शंभर ग्रॅम साबुदाण्यात साडेतीनशेच्या आसपास, तितक्याच शेंगदाण्यांत साडेपाचशेहून अधिक उष्मांक असतात, वर तूप वेगळे, आणि ती श्रद्धेने खाणारी गृहिणी दिवसाअखेर आपण उपाशी होतो असे जेव्हा सांगते, तेव्हा ती सत्यच सांगत असते.

श्रमांच्या बाबतीतही आपला अंदाज असाच चुकतो. सत्तर किलो वजनाचा मनुष्य भाज्याहून लोहगडावर चढला म्हणजे तो सुमारे चारशे मीटर वर जातो. तेवढे ओझे तेवढ्या उंचीवर नेण्याचे शुद्ध यांत्रिक कार्य अवघे पासष्ट उष्मांकांचे भरते, आणि स्नायू आपल्या इंधनापैकी साधारण चतुर्थांशच कार्यात उतरवतात हे जमेस धरले तरी या चढणीचा खर्च अडीचशेच्या जरा वर जातो. लोणावळ्याच्या बाजारात मिळणाऱ्या शेंगदाण्याच्या चिक्कीचे पन्नास ग्रॅम तो भरून काढतात. एक किलो चरबीत सुमारे ७,७०० उष्मांक साठलेले असतात, म्हणजे अशा तीस चढाया व्हाव्यात तेव्हा एक किलो झिजावी. आणि तेही शरीराने मध्यंतरी आपला अन्य खर्च आखडता घेतला नाही तर. शरीर तो आखडता घेते अशी शंका येण्यास सबळ कारण आहे. टांझानियातील हाड्झा लोक दिवसभर शिकारीमागे आणि कंदमुळांमागे हिंडतात, पण २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या मोजणीत, देहाचे आकारमान विचारात घेतल्यावर, त्यांचा दिवसाचा एकूण ऊर्जाव्यय पाश्चात्य शहरवासीयांइतकाच आढळला. हे वाचल्यावर गडावर जाणे सोडावे असे मला क्षणभरही वाटले नाही. गडावर आपण चरबी झिजवायला जातो ही समजूत तेवढी गळून पडली, आणि ती गळून पडल्यावर वाट अधिक मोकळेपणाने चढता येऊ लागली.

परंतु आहार आणि श्रम यांचा हा हिशेब कितीही काटेकोर मांडला, तरी काट्यावर वाढलेल्या त्या दोन किलोंचा खुलासा त्यातून होत नाही. कारण चरबी इतक्या त्वरेने वाढावयाची तर रोजच्या अन्नावर जेवढी भर पडायला हवी तेवढी नकळत पडणे सहसा संभवनीय नाही. खुलासा बहुधा पाण्यात असतो. स्नायू आणि यकृत यांत ग्लायकोजेन नावाची साखर साठविलेली असते. प्रौढ मनुष्याच्या ठायी ती साधारण चारपाचशे ग्रॅम असते, आणि तिचा प्रत्येक ग्रॅम आपल्याबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी बाळगतो. आहार एकदम तोडणाऱ्याचे वजन पहिल्या आठवड्यात झरझर उतरते ते ही साखर आणि हे पाणी गेल्यामुळे, आणि त्या खोट्या विजयाचा लोक उत्सव करतात. व्यायामाने घडत जाणारे स्नायू उलट हा साठा वाढवितात, आणि त्या खऱ्या लाभाचा लोक शोक करतात. नव्याने व्यायाम सुरू केला की काही दिवसांतच रक्तातील द्रवाचे प्रमाण वाढते, श्रमाने दुखावलेल्या स्नायूंत दुरुस्तीच्या कामासाठी पाणी येऊन थांबते, आणि आदल्या रात्री मीठ अधिक पडले असेल तर त्याचेही पाणी सकाळी काट्यावर उभे असते. स्त्रियांच्या बाबतीत मासिक ऋतुचक्रही यात भर घालते. काट्याला यांपैकी एकही गोष्ट दिसत नाही. त्याच्या लेखी हाड, मांस, मेद, जल सर्व समान.

आमच्या पूर्वीच्या तालमींत या प्रश्नाकडे पाहण्याची रीत निराळी होती, आणि तिची आठवण आज मुद्दाम ठेवावी असे मला वाटते. पश्चिम महाराष्ट्रातील गावोगावच्या तालमींत लाल मातीत जोर मारणाऱ्या आणि बैठका काढणाऱ्या पोराचे वजन चार महिन्यांनी वाढले, तर वस्ताद त्याच्या दंडावर थाप मारून म्हणत, 'पोराने अंग धरले.' व्यायाम फळाला आला याची ती खूण समजली जाई. घरातील वडील माणसे त्याच्या दुधाची वाटी मोठी करीत, आणि त्याच्यासमवेत आलेल्या पोराचे अंग भरले नाही तर काळजी त्या दुसऱ्याची करीत. तीच घटना, तोच देह, तेच श्रम. परंतु पन्नास-साठ वर्षांच्या अंतराने ज्याचे अभिनंदन होत असे त्याच्यावर आज संशय घेतला जातो. तालमीतला पोरगा कोवळा आणि कष्टाळू असे, आजचा मनुष्य प्रौढ आणि बैठ्या कामाचा असतो, हा भेद मी विसरत नाही. तथापि वाढलेल्या वजनात काय वाढले, हे वस्ताद आपल्या हाताने दंड, छाती आणि कंबर चाचपून ठरवीत असे, आणि ती चाचपणी आपण सोडून दिली. माझ्या कमरेचा करगोटा त्याच काळात सैल झाला होता, आणि काट्याहून निराळे बोलणारा तो एकच साक्षीदार घरात होता.

येथे मला माझ्या वहिनींविषयी लिहिले पाहिजे, कारण या विषयाची खरी वेदना मी त्यांच्या ठायी पाहिली. वडगावात त्यांचे घर. वयाची चाळिशी उलटल्यावर त्यांचे वजन वाढू लागले, म्हणून त्यांनी रात्रीचे जेवण जवळजवळ सोडले आणि पहाटे चालण्याचा नेम धरला. वजन वाढतच राहिले. थकवा येई, थंडी सोसत नसे, केस गळत; परंतु ज्या दवाखान्यात त्या गेल्या तेथे काट्यावर उभे करून 'तोंडावर ताबा ठेवा' एवढीच शिफारस त्यांना मिळाली. एका दुपारी त्या मला म्हणाल्या, 'भावजी, वजन राहू दे हो. मी खोटं बोलत नाही, एवढं कुणीतरी मान्य करावं.' पुढे रक्ततपासणीत थायरॉइड ग्रंथी मंदावल्याचे निष्पन्न झाले आणि औषध सुरू झाले. या विकारातील वजनवाढ बहुधा थोडीच असते आणि तीही पुष्कळशी क्षार व पाणी साचल्याची असते, त्यामुळे औषधाने काही किलो उतरले, सर्व नव्हे. स्टेरॉइड, इन्सुलिन, मनोविकारांवरील काही औषधे यांनीही वजन वाढते, आणि ती औषधे घेणाऱ्याने ती आपल्या मनाने थांबवावयाची नसतात, वैद्याशी बोलावयाचे असते. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात अष्टौनिंदितीय नावाचा अध्याय आहे. त्यात अतिस्थूलतेची कारणे सांगताना अतिभोजन आणि व्यायामाचा अभाव यांच्या पंक्तीला बीजस्वभाव, म्हणजे आईबापांकडून आलेली प्रकृती, हेही कारण बसविलेले आहे. इतक्या प्राचीन वैद्याला जे औदार्य साधले ते आपल्या दवाखान्यांना का साधू नये, असा प्रश्न वहिनींच्या त्या वाक्यानंतर मला पडला आणि तो अद्याप सुटलेला नाही.

बाह्य देह पाहून आतील व्यवहाराचा निवाडा करू नये, हे लोणावळ्याला निदान शंभर वर्षांपासून ठाऊक असावयास हवे. डभईस १८८३ साली जन्मलेले जगन्नाथ गणेश गुणे, ज्यांना आपण स्वामी कुवलयानंद म्हणून ओळखतो, त्यांनी १९२४ साली येथे कैवल्यधाम ही योगसंस्था स्थापिली आणि त्याच वर्षी 'योगमीमांसा' हे त्रैमासिक सुरू केले. बडोद्याला माणिकरावांच्या हाताखाली व्यायामविद्या आणि नर्मदाकाठच्या माधवदासजींजवळ योगविद्या शिकलेल्या या पुरुषाने गुरुवाक्यावर श्रद्धा ठेवूनही क्ष-किरण यंत्र आणि दाबमापक यांची साक्ष काढली. नौली ही पोटाची योगक्रिया करताना मोठ्या आतड्यातील दाब बाहेरील हवेच्या दाबाहून कमी होतो, आणि म्हणूनच बस्ती या शुद्धिक्रियेत पाणी आत ओढले जाते, हे त्यांनी मोजून दाखविले आणि त्या निर्वाताला आपल्या गुरूंचे नाव दिले. पोटाच्या पृष्ठभागाकडे शतकानुशतके पाहूनही जे कळले नव्हते, ते आत काय चालले आहे असे विचारल्यावर कळले. त्यांच्याही तीन शतके आधी इटलीतील सांतोरिओ या वैद्याने तराजूला टांगलेल्या आसनावर बसून स्वतःला, आपल्या अन्नाला आणि आपल्या मलमूत्राला वर्षानुवर्षे तोलले, आणि घेतलेल्या अन्नपाण्याचा फार मोठा भाग श्वास व त्वचा यांवाटे अदृश्यपणे निघून जातो असे १६१४ साली ग्रंथ लिहून जाहीर केले. मोजणीचा आकडा हा या दोघांच्या लेखी प्रश्न होता. आपण काट्याचा आकडा फैसला मानू लागलो.

आणि हा फैसला उलट्या बाजूनेही अन्याय करतो. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन या दोघा मित्रांचे एकत्र छायाचित्र २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापले गेले. वजनाला उंचीच्या वर्गाने भागून जो निर्देशांक काढतात तो दोघांचा अगदी एकच, २२.३; परंतु युडकिन यांच्या देहात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिक यांच्या देहात २१.२ टक्के. पुणे जिल्ह्यातील खेड्यांत जन्मणाऱ्या बालकांचा याज्ञिक यांनी अभ्यास केला तेव्हा त्या बालकांचे सरासरी वजन सुमारे २.७ किलो, तर इंग्लंडमधील साउथॅम्प्टनच्या बालकांचे ३.५ किलो आढळले. आमच्या बालकांत मांस आणि पोटातील अवयव पुष्कळ कमी, चरबी मात्र जवळजवळ राखलेली. म्हणजे काट्याने ज्याला निर्दोष सोडले, तो आपला सडपातळ मनुष्यही आत मेद बाळगून असू शकतो. एका पिढीपूर्वी आषाढात गुडघाभर चिखलात भातलावणी करणाऱ्या मावळ्याचा मुलगा आज द्रुतगती मार्गावर गाडी चालवितो किंवा पर्यटकांच्या बंगल्याची देखरेख करतो. तो किडकिडीत दिसतो म्हणून त्याच्या मधुमेहाची तपासणी कोणी करीत नाही, आणि वहिनी जाड दिसतात म्हणून त्यांच्या थायरॉइडची कोणी करीत नव्हते.

वडगावच्या आरोग्यशिबिरात टेबलाशेजारी काटा असतो. त्याच्यासोबत शिंप्याजवळ असते तशी एक मापनपट्टी असावी, एवढीच माझी मागणी आहे. भारतीय पुरुषाच्या कमरेचा घेर नव्वद सेंटिमीटरांच्या आणि स्त्रीचा ऐंशी सेंटिमीटरांच्या आत असावा असे वैद्यक सांगते, आणि तो मोजावयास एक क्षण पुरतो. वहिनी आपला घेर आता दर पौर्णिमेला दिनदर्शिकेवर लिहितात. तो उतरला आहे, वजन फारसे नाही, आणि कार्ल्याच्या एकवीरेच्या पायऱ्या त्या पूर्वीपेक्षा कमी वेळा थांबून चढतात. माझी थायरॉइडची तपासणी निर्दोष निघाली, करगोटा आणखी थोडा सैल झाला, आणि त्या दोन किलोंपैकी पाऊण किलो अजून तसेच आहे. त्यात मांस किती, पाणी किती आणि मेद किती, हे मला ठाऊक नाही. दिवाळीनंतर पुण्यास जाऊन देहातील चरबीची मोजणी करून घेण्याचा विचार आहे, आणि वहिनींनाही बरोबर न्यावे असे ठरले आहे.