माला आणि एडेक

ऑश्विट्झच्या नाझी छळछावणीतल्या प्रेमकथांची हल्ली लाटच आली आहे. मुखपृष्ठावर काटेरी तारा, पाठमोरं जोडपं आणि ‘प्रेमाचा विजय’. चीड येते, तरी वाचते. आज माला झिमेटबॉम आणि एडेक गालिन्स्की यांच्याविषयी पुन्हा वाचलं आणि जेवण नकोसं झालं.

ती बेल्जियमहून आणलेली ज्यू मुलगी. बऱ्याच भाषा येत, म्हणून छावणीत दुभाषी. तो पोलिश, जून १९४० मधल्या पहिल्याच तुकडीतला राजकीय कैदी. २४ जून १९४४ ला दोघं पळाले, तो नाझींच्या एसएस दलाच्या गणवेशात. जेमतेम दोन आठवडे मोकळे. मग पकडले गेले आणि त्याच वर्षी संपवलेही गेले. तिने मृत्युदंडाच्या ठिकाणी सगळ्यांसमोर ब्लेडने स्वतःच मनगट कापलं आणि आवरायला आलेल्या शिपायाच्या थोबाडीत दिली, असं पाहणाऱ्यांनी सांगितलंय.

त्याने कोठडीच्या भिंतीवर दोघांची नावं कोरली, शेजारी कैदी क्रमांकही. नावापुढे तो आकडा का लिहावासा वाटला असेल? तिथे मी अडकून बसले. दोघांच्या केसांच्या बटा त्याच्या मित्राने जपल्या. त्या आता तिथल्या संग्रहालयात आहेत.

खरं तर लाजच वाटते. तिथे सुमारे ११ लाख माणसं मारली गेली, आणि माझे डोळे भरून येतात ते या दोघांसाठी. बाकीच्यांची गोष्ट सांगायला मागे कुणी उरलंच नाही, म्हणून? की प्रेम असल्याशिवाय आपल्याला मरणसुद्धा वाचवत नाही?