एरिथ वाचणार का?

बीगल की टेरिअर? आम्ही चौघं भेटलो की पंधरा मिनिटांत हा प्रश्न निघतो आणि शेजारच्या टेबलवाल्यांना वाटतं, कुणीतरी पिल्लू आणतंय. तसं काही नाही हो. विषय असतो ‘फायनल फँटसी सेव्हन’ नावाच्या गेमचा, आणि कुत्रं असतं त्यातल्या वेफर्सच्या पाकिटावर छापलेलं!

थोडक्यात सांगते. मूळ गेम १९९७ चा. त्यात एरिथ ही फुलं विकणारी, गोड आणि थोडी आगाऊ मुलगी आहे. तीनपैकी पहिली डिस्क संपता संपता ती प्रार्थनेला बसते, आणि खलनायक सेफिरॉथ वरून येऊन तिच्या पाठीत तलवार खुपसतो. संपलं. एरवी या गेममध्ये लढाईत पडलेला गडी फिनिक्सच्या एका पिसाने उठून उभा राहतो. ही उठत नाही.

लोकांनी ते मान्यच केलं नाही. तिची सगळ्यात मोठी शक्ती मरणाआधी मिळवता येते, मग ती वापरायला ती परत येणारच ना! पुढे तिच्या चर्चमध्ये गेलं की ती क्षणभर दिसते आणि विरते, म्हणजे नक्की काहीतरी दडवलंय! तिला जिवंत करायच्या गुप्त युक्त्यांच्या अफवा वर्षानुवर्षं फिरल्या. सगळ्या खोट्या.

मग २०२० मध्ये रिमेकच्या तीन भागांपैकी पहिला आला. ठरलेली गोष्ट बदलू नये म्हणून पहारा देणारी भुतंच त्यात आपल्या टोळीने हरवली. मूळ कथेत मेलेला झॅक चक्क चालताना दिसला, आणि वाऱ्यावर उडत आलेल्या पाकिटावर नेहमीच्या बीगलऐवजी टेरिअर. म्हणजे जगच दुसरं? २०२४ च्या ‘रिबर्थ’मध्ये तर नायक क्लाउड ती तलवार अडवतो. अडवतो ना? पुढच्या क्षणी रक्त दिसतं. बाकीचे शोक करतायत आणि क्लाउड एरिथशी बोलतोय. त्याला ती दिसते, त्यांना नाही.

तिसऱ्या भागात काय होणार, यावर आमच्यात जोरदार भांडणं. एक मैत्रीण म्हणते, दोन्ही जगं एक होणार आणि एरिथ वाचणार. मीही तिच्याच पार्टीत. झॅकच्या जगातून कोण कसं येईल, याचे बाण काढून पेपर नॅपकिन संपवलेत आम्ही.

आमच्यातल्या एकाचे बाबा २०२१ च्या लाटेत गेले. तो या वादात फारसा पडत नाही. एकदा मात्र म्हणाला, ‘दुसरं जगबिग काही नाही रे. क्लाउडला पटलेलंच नाहीये. आमची आई अजून तीन कप चहा टाकते.’

कुणी काहीच बोललं नाही. मग मैत्रिणीने हळूच विचारलं, ‘म्हणजे एरिथ जावी असं तुला वाटतं?’

‘ती गेलीच आहे. मला बघायचंय, त्याला ते कधी कळतं. आणि कळल्यावर तो काय करतो.’

तेव्हापासून या थिअऱ्यांकडे मी जरा वेगळ्या नजरेने बघते. दहाव्या-तेराव्याला घरोघरी हेच चालतं की. दहा मिनिटं आधी नेलं असतं तर, दुसरीकडे दाखवलं असतं तर. एरिथच्या चाहत्यांचं हे जर-तर १९९७ पासून चालू आहे, इतकंच.

ती वाचावी असं मला अजूनही वाटतं. पण ती वाचली, तर त्या तिसऱ्या कपाचं काय करायचं, हे गेम सांगणार नाही. आणि मला आता तेच जाणून घ्यायचंय.