सूट

आमच्या धंद्यात टेस्टच्या संचाला ‘सूट’ म्हणतात. ती संथ झाली की सगळ्यांना आधी मराठीतली सूट सुचते: ही टेस्ट गाळा, ती फक्त रात्री चालवा, अधूनमधून पडणारीला तीनदा संधी द्या.

माझ्या पहिल्या नोकरीत सूट ४० मिनिटं चालायची. केंट बेक यांनी एक्स्ट्रीम प्रोग्रॅमिंगमध्ये १० मिनिटांची मर्यादा सांगितली आहे. तेवढा वेळ माणूस थांबतो. ४० मिनिटांत तो दुसऱ्या कामात शिरतो आणि लाल निकाल येईपर्यंत आपण काय बदललं होतं, हेच विसरतो.

प्रत्येक टेस्टचा वेळ मोजला, तेव्हा बराचसा नुसता थांबण्यात जाताना दिसला. ‘पान उघडायला ५ सेकंद थांब’ असं जागोजागी लिहिलेलं. पान लगेच उघडलं तर उरलेले सेकंद वाया, ६ लागले तर टेस्ट नापास. त्याऐवजी ‘बटण दिसेपर्यंत थांब’ लिहिलं की वेगही वाढतो आणि भरवसाही. अपाचेच्या ५१ प्रकल्पांतल्या लहरी टेस्टचा २०१४मध्ये अभ्यास झाला, त्यातही सर्वांत मोठं कारण हे नीट न थांबणंच निघालं.

मग काम आठ यंत्रांवर वाटलं आणि धडाधड टेस्ट पडल्या. एकीने डेटाबेसमध्ये तयार केलेला ग्राहक दुसरी गुपचूप वापरत होती. क्रम मोडला, उसनवारी उघडी पडली. प्रत्येक टेस्ट आपला ग्राहक आपणच तयार करू लागली, तेव्हा कुठे वाटणी जमली.

राहिल्या लहरी टेस्ट. हजार टेस्टपैकी प्रत्येक हजारदा एकदाच खोटी पडते असं धरलं, तरी सगळी सूट हिरवी येण्याची शक्यता साधारण ३७ टक्केच उरते. मग ‘पुन्हा चालव’ ही सवय होते. आमच्याकडे पैसे भरण्याची एक टेस्ट अशीच बदनाम होती. “ती तशीच आहे गं,” सीनियर म्हणायचे. चिकाटीने मागे लागल्यावर कळलं, टेस्ट खरं बोलत होती: दोन विनंत्या एकाच क्षणी आल्या की ग्राहकाचे पैसे दोनदा कापले जात होते. तीनदा संधी देण्याच्या नियमाने ही चूक कायमची झाकली असती.

आता लहरी टेस्ट बाजूला काढतो, पण तिच्यावर कुणाचं तरी नाव आणि तारीख लावून. तारीख उलटली की सूट संपली.