बाजेवरचं ऑफिस

२०२० च्या मार्चमध्ये, जनता कर्फ्यूच्या दोन दिवस आधी, मी हैदराबादहून तामसीला आलो तो चार दिवसांचे कपडे घेऊन. राहिलो दीड वर्ष.

आपल्या मंडळातल्या बऱ्याच जणांना तामसी कुठे आहे हे मला सांगावं लागतं. आदिलाबाद जिल्ह्यात, पैनगंगेच्या अलीकडे. पलीकडे यवतमाळ जिल्हा. सरकारी कागद तेलुगूत, घरातलं बोलणं मराठीत, आणि शिवारात जिकडेतिकडे कापूस. माझं बारावीपर्यंतचं आयुष्य तिथेच गेलं, पण लॅपटॉप मांडून बसायला आमच्या घरात जागा कुठे आहे हा प्रश्न तोवर कधी पडला नव्हता. टेबल एकच होतं आणि त्यावर टीव्ही होता. मोबाइलची रेंज फक्त ओसरीत, दारापाशी यायची. तिथे वडिलांची सुंभाची बाज होती. झालं, तेच माझं ऑफिस.

सुरुवातीला मजा वाटली. पाय पसरून, पाठीला उशी लावून, मांडीवर लॅपटॉप. हैदराबादच्या ऑफिसातली महागडी खुर्ची आठवलीसुद्धा नाही. येण्याजाण्याचे दोन तास वाचले आणि ते दोन तास कामातच गेले, हे तुमच्यापैकी अनेकांना वेगळं सांगायला नको. सकाळी नऊला बसलो की जेवायला उठायचो, तेही बऱ्याचदा नाही. आई ताट बाजेवरच आणून द्यायची.

पावसाळा लागला तशी मान आखडायला लागली. पोळ्यापर्यंत डाव्या खांद्याचा, मानेजवळचा भाग दगडासारखा झाला. मग उजव्या हाताचा अंगठा. लॅपटॉपचा माउस वेगळा नव्हता, सगळं त्या छोट्या टचपॅडवर. एके दिवशी पाण्याचा तांब्या उचलताना मनगटाच्या अंगठ्याकडच्या बाजूने अशी कळ आली की तांब्या हातातून सुटला.

आई म्हणाली, "दिवसभर बसून त राहतं तू, मग दुखते कायले?"

तिच्या आवाजात टोमणा नव्हता, खरोखरचं कुतूहल होतं. ती स्वतः पहाटे पाचला उठून अंगण झाडायची, स्वयंपाक करून शेतात जायची. तिच्या हिशेबात अंग दुखण्याचा संबंध अंगमेहनतीशी होता. मी इंजिनिअर, तरी मला तिला उत्तर देता आलं नाही. तिने एरंडाची पानं तव्यावर गरम करून माझा खांदा शेकला. बरं वाटलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

बस सुरू झाल्यावर आदिलाबादला एका फिजिओथेरपिस्टकडे गेलो. पस्तिशीतलेच असतील. त्यांनी आधी विचारलं, कुठे बसून काम करता त्याचा फोटो आहे का? मी बाजेचा फोटो दाखवला. ते हसले नाहीत, हे त्यांचं मोठेपण.

त्यांनी सांगितलेलं माझ्या भाषेत सांगतो. लॅपटॉपची मूळ अडचण त्याच्या बिजागरीत आहे. पडदा आणि कीबोर्ड एकमेकांना कायमचे जोडलेले. पडदा डोळ्यांच्या उंचीला आणला तर हात वर टांगावे लागतात. हात कोपरात काटकोनात ठेवले तर मान खाली घालावी लागते. दोन्ही एकदम जमत नाही. ही वस्तू मुळात प्रवासात थोडा वेळ वापरायला काढली होती, आपण तिच्यावर दिवस काढायला लागलो. त्यात बाजेला मधे झोळ. ढुंगण खाली, गुडघे वर, पाठीचं धनुष्य, आणि त्याच्या टोकाला पाचेक किलोचं डोकं पुढे लोंबलेलं.

केनेथ हंसराज नावाच्या न्यूयॉर्कच्या मणक्याच्या सर्जनने २०१४ मध्ये यावर गणित मांडलं होतं. मान ताठ असताना पाच किलोच्या आसपास असलेला डोक्याचा भार, मान ६० अंश झुकवली की मानेच्या मणक्यांवर २७ किलोंइतका पडतो. हा आकडा व्हॉट्सअॅपवर तुम्हीही पाहिला असेल. मी मात्र कोडवाला माणूस, म्हणून एक पुस्ती जोडतो: ते संगणकावर केलेलं मॉडेल होतं, माणसांच्या मानेत काटा घालून मोजलेलं नव्हतं. दिशा कळायला तेवढं पुरे. पण फिजिओ म्हणाले, कोन विसरा. एकाच कोनात किती वेळ राहता ते महत्त्वाचं. सर्वांत चांगल्या पद्धतीने बसून तुम्ही तीन तास हलला नाहीत तर तेही वाईटच.

इथे मला आईच्या प्रश्नाचं उत्तर सापडलं. स्वीडनमधल्या हेग नावाच्या संशोधकाने १९९१ मध्ये एक कल्पना मांडली. तिला नाव पडलं 'सिंड्रेला'. स्नायू म्हणजे एक दोरखंड नाही, बारीक तंतूंचे गट असतात. हलकं काम असलं की शरीर सगळ्यांना उठवत नाही, ठरावीक लहान गटांनाच कामाला लावतं. जड काम आलं की बाकीचे गट येतात, काम संपलं की ते आधी जातात. लहान गट मात्र सर्वांत आधी कामाला लागतात आणि सर्वांत शेवटी सुटतात, परीकथेतल्या सिंड्रेलासारखे. टाइप करताना खांद्याचा स्नायू आपल्या ताकदीचा अगदी थोडा हिस्सा वापरतो, म्हणून आपल्याला श्रम जाणवत नाहीत. पण तो थोडा हिस्सा सकाळी नऊपासून रात्री आठपर्यंत तेच तंतू पुरवत असतात. त्यांना सुट्टी मिळते ती हात पूर्ण सैल सोडला तरच. आणि मीटिंग चालू असताना, डोक्यावर डेडलाइन असताना, खांदे आपोआप कानांकडे चढतात. काम नाही तरी ताण आहे.

तीनशे वर्षांपूर्वी इटलीत बर्नार्दिनो रामाझिनी नावाचे वैद्य होऊन गेले. कामगारांच्या आजारांवर त्यांचं १७०० सालचं पुस्तक आहे. १७१३ च्या आवृत्तीत त्यांनी कारकुनांवरही लिहिलं. कारकुनांच्या दुखण्याची कारणं त्यांनी तीन सांगितली: सतत बसणं, हाताची एकाच दिशेने न थांबणारी हालचाल, आणि हिशेबात चूक होऊन मालकाचं नुकसान होईल या धास्तीने मनावर येणारा ताण. हे वाचलं तेव्हा मी प्रॉडक्शनमध्ये गेलेला एक बग रात्री दोन वाजता शोधत होतो.

याच रामाझिनींनी वैद्यांना सांगितलं होतं की रोग्याला एक प्रश्न आणखी विचारा: तुम्ही काम काय करता?

आता आईकडे येतो. दिवाळीनंतर वेचणी जोरात होती. आमच्या चार एकरांत मजूर मिळत नव्हते, म्हणून आई रोज जायची. कमरेला बांधलेल्या कापडाच्या झोळीत बोंडांतला कापूस भरत जायचा, दिवसभर वाकून, दोन्ही हात पुढे. संध्याकाळी घरी आली की एकदा तिने मला हाक मारली, "बाबू, गाठोडं उतरव जरा." मी हेडफोनवर होतो. हाताने 'थांब' अशी खूण केली. माझं बोलणं संपेपर्यंत गाठोडं उतरलेलं होतं. कुणी उतरवलं हे मी विचारलं नाही.

फिजिओंनी मला व्यायाम दिले होते. हनुवटी मागे घेणं, खांद्याची पाती मागे जवळ आणणं, आणि भिंतीवर बोटांनी चढत हात वर नेणं. लॅपटॉपखाली दोन विटा वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवल्या, हैदराबादच्या मित्राकडून वेगळा कीबोर्ड आणि माउस मागवला, टीव्ही खाली उतरवून टेबल घेतलं. वडील आठवडाभर नाराज होते. एका रविवारी मी भिंतीवर बोटं चढवत होतो, आई बघत होती. हसून म्हणाली, हे त पोरखेळ आहे, आणि तिने शेजारी हात लावला. तिची बोटं खांद्याच्या उंचीपर्यंत चढली आणि थांबली. चेहरा आक्रसला. मला वाटलं नाटक करते आहे. मी तिचा हात धरून वर नेला, तर तोही जाईना.

मग बायकोने सांगितलं. दोन महिन्यांपासून आईचा अंबाडा तीच बांधत होती. आईने तिला सांगून ठेवलं होतं, बाबूले नको सांगू, त्याच्या मानेचं आधीच चालू आहे.

आदिलाबादला तिला घेऊन गेलो. फिजिओंनी विचारलं, "आई, काम काय करता?"

"काही नाही. घरीच राहतो मी."

चाळीस वर्षं कापूस वेचलेली बाई हे म्हणाली. मी मधे बोलून सगळं सांगितलं, वेचणी, गाठोडी, पाणी, सगळं. ते ऐकून त्यांनी हात वर केला, बाहेर वळवला, आणि म्हणाले, हा खांदा गोठलेला दिसतो. दोष एकट्या कापसावर घालू नका, आधी साखर तपासा. मधुमेहात हे दुखणं पुष्कळ जास्त आढळतं. उपाशीपोटीची साखर २१८ निघाली. कधीपासून असेल कुणास ठाऊक. मी घरात होतो, आठ महिने, दहा फुटांवर.

मला या गोष्टीचा राग येतो आणि तो कुणावर काढायचा ते कळत नाही. माझ्या दुखण्याला नाव होतं, कंपनीकडून खुर्चीच्या भत्त्याची ईमेल होती, अर्ध्या तासाला उठा सांगणारं घड्याळ होतं. तिच्याकडे एरंडाची पानं होती, आणि तीही तिने माझ्यासाठी तोडली.

गोठलेला खांदा सावकाश सुटतो, वर्ष-दोन वर्षं लागतात. औषधं सुरू झाली, भात कमी झाला यावर तिची रोज कुरकुर झाली. संध्याकाळी आम्ही दोघं ओसरीच्या भिंतीवर बोटं चढवायचो. तिने विटकरीच्या तुकड्याने खुणा करून ठेवल्या होत्या. माझं दुखणं तीन-चार महिन्यांत आटोक्यात आलं. अंगठ्याला पट्टा लावला, टचपॅड सोडलं, आणि फोनवरची प्रत्येक मीटिंग मी अंगणात चालत घ्यायला लागलो. शेजारच्या काकूंना वाटायचं, मला वेड लागलं.

आता मी पुन्हा हैदराबादला आहे. रिलीजचा आठवडा आला की डावा खांदा अजून दुखतो, पूर्ण गेलेला नाही. आईचा हात डोक्यापर्यंत जातो, पाठीमागे अर्धाच. अंबाडा ती स्वतः बांधते, थोडा एका बाजूला होतो. ओसरीतल्या भिंतीला गेल्या दिवाळीत रंग दिला तेव्हा तिने त्या खुणांवर रंग लावू दिला नाही.